आयर्नचा फटका आणि क्लबवरची पकड

या वेळच्या टपालात गोल्फमधील आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याचा क्लब (चेंडू मारण्याची काठी), याविषयीची पत्रे इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवावे लागले. उत्तरांतील डावा-उजवा हा भेद उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून केला आहे. डावखुऱ्या वाचकांनी तो उलट करून वाचावा.

प्रश्न : माझे वय 52 असून तीन वर्षांपासून मी गोल्फ खेळतो. ड्रायव्हिंग रेंजच्या मॅटवर माझा 7 नंबरचा आयर्न उत्तम लागतो. परंतु मैदानावर गेलो की कधी चेंडूच्या मागची माती उकरली जाते, तर कधी क्लब चेंडूच्या माथ्यावर बसून चेंडू जमिनीलगत सरपटत जातो. एकाच माणसाच्या हातून असे दोन उलट दोष कसे घडतात?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दोष दोन दिसत असले तरी मूळ एकच आहे. स्विंगमध्ये, म्हणजे क्लब फिरवताना, क्लबहेड (क्लबचे खालचे टोक) कमानीच्या मार्गाने खाली येते आणि पुन्हा वर जाते. जमिनीवर ठेवलेला चेंडू आयर्नने मारताना या कमानीचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला, काही इंचांवर पडावा लागतो. तेव्हाच खाली येणारा क्लब आधी चेंडूला भिडतो आणि नंतर गवताचा पातळ काप काढतो. हा बिंदू चेंडूच्या मागे राहिला, तर क्लब एक तर आधी मातीत घुसतो, नाही तर मातीला कसाबसा चुकवून वर चढू लागतो आणि चेंडूच्या मध्यावर किंवा माथ्यावर लागतो. यांपैकी काय घडेल हे त्या दिवशी आपण किती वाकलो आहोत यावर अवलंबून असते, म्हणूनच आपल्याला दोन्ही दोष आलटून पालटून दिसतात.

मॅटवर हे उघड होत नाही, कारण चेंडूच्या अलीकडे आपटलेला क्लब तेथे रुतत नाही. कृत्रिम गवतावरून घसरत तो बऱ्याच वेगाने चेंडूपर्यंत पोचतो आणि चेंडू बरा उडतो. मॅटवर चेंडू कसा गेला याला मी फारसे महत्त्व देत नाही. तेथे डोळ्यांपेक्षा कान उपयोगी पडतात : चेंडूचा टणक आवाज येण्यापूर्वी 'धप्प' असा आवाज आला, तर तोच फटका गवतावर फसला असता असे समजावे.

खालचा बिंदू मागे राहण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे चेंडू उचलण्याची धडपड. नियमानुसार चेंडूचा व्यास किमान 42.67 मिलिमीटर असतो, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून जेमतेम 21 मिलिमीटरवर येतो, आणि एवढ्याशा चेंडूला हवेत पाठवायचे तर त्याच्याखाली क्लब घातला पाहिजे असे मनाला वाटत राहते. मग वजन उजव्या पायावरच राहते, उजवे मनगट ऐन वेळी पुढे झटकले जाते, डावा कोपर दुमडतो आणि क्लबहेड हातांच्या पुढे निघून जाते. वस्तुतः 7 नंबरच्या आयर्नचा फेस (चेंडूला लागणारी सपाट बाजू) साधारणपणे 30 अंशांच्या आसपास मागे कललेला असतो, तेव्हा चेंडू वर चढवण्याची व्यवस्था क्लब बनवणाऱ्याने आधीच करून ठेवली आहे. आपण फक्त फटक्याच्या क्षणी हात क्लबहेडच्या किंचित पुढे आणि वजन बहुतांशी डाव्या पायावर ठेवायचे असते.

सरावासाठी चेंडू बाजूला ठेवावा. सरावाच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) लक्ष्याच्या दिशेला काटकोनात वाळूवर एक रेघ ओढावी, ती दोन्ही पायांच्या मध्यापासून चेंडूभर डावीकडे येईल असे उभे राहावे आणि हात कमरेपर्यंतच नेऊन छोटे स्विंग करावेत. प्रत्येक स्विंगनंतर वाळूतील खूण कोठे सुरू झाली ते पाहावे : ती रेघेवर किंवा तिच्या लगेच पुढे सुरू झाली पाहिजे. ती रेघेच्या मागे सुरू होत असेल, तर हातांत काही बदल करण्यापूर्वी उभे राहतानाच वजन थोडे डाव्या पायावर द्यावे आणि स्विंग संपताना पट्ट्याचे बक्कल लक्ष्याकडे वळलेले आहे की नाही ते तपासावे. अनेकांची खूण एवढ्यानेच पुढे सरकते. ती स्थिरावल्यावर हाच सराव गवतावर चेंडू ठेवून करावा आणि चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर घडी घातलेला टॉवेल ठेवावा; क्लब टॉवेलला लागला तर कारण वेगळे शोधावे लागत नाही. (गवतावर सराव करणाऱ्यांनी निघालेल्या खड्ड्यांत वाळू भरण्याचे सौजन्य जरूर दाखवावे. आपल्याकडील गोल्फ मैदानांवर याबाबतची उदासीनता पाहवत नाही.)

प्रश्न : माझा हातमोजा नेहमी एकाच जागी, करंगळीच्या बाजूला तळहाताच्या टाचेवर फाटतो. क्लब घट्ट धरल्यामुळे असे होते का? तसेच बोटे एकमेकांवर ठेवावीत की एकमेकांत गुंतवावीत, याविषयी मला दोघांनी दोन सल्ले दिले आहेत.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मोजा त्या जागी फाटतो, कारण तेथे क्लब घासतो आणि फिरतो. आपण क्लब बोटांत न धरता तळहातावर आडवा धरीत असणार, आणि तो निसटेल या भीतीने मूठ आणखी आवळीत असणार. डाव्या हातात ग्रिप (क्लबचा धरण्याचा रबरी भाग) तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळापर्यंत तिरकी बसावी आणि तळहाताची मांसल टाच तिच्या वर यावी. खात्री करण्यासाठी क्लब समोर धरून बाकीची बोटे सोडून द्यावीत. वाकवलेली तर्जनी आणि तळहाताची टाच एवढ्यावर तो तोलला गेला, तर पकड योग्य आहे. ग्रिपचे टोक अर्धा इंच तरी हाताबाहेर राहू द्यावे.

यानंतर वरून पाहावे. डाव्या हाताची दोन ते तीन बोटांची मुळे दिसावीत आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधील घडी उजव्या खांद्याकडे रोख धरून असावी. उजवा हातही बोटांतच धरावा आणि त्याच्या तळव्यातील खोलगट भागाने डावा अंगठा झाकून घ्यावा. डाव्या हातावर एकच मूळ दिसत असेल, तर फटक्याच्या वेळी क्लबचा फेस उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहतो. चेंडू उजवीकडे जाऊ नये म्हणून खेळाडू तो मनगटाच्या झटक्याने बंद करतो, आणि त्याच झटक्याने कमानीचा खालचा बिंदू मागे जातो. पुण्याच्या वाचकांनीही हे उत्तर वाचावे असे मी म्हणेन, कारण मातीत घुसणाऱ्या आयर्नचा उगम अनेकदा पकडीत असतो. विख्यात अमेरिकी गोल्फपटू बेन होगन यांनी मात्र आपली पकड उलट दिशेने बदलली होती. त्यांचा चेंडू डावीकडे फार वळत असे. तो उपाय त्यांच्या दुखण्यावरचा होता आणि चेंडू उजवीकडे घालवणाऱ्या हौशी खेळाडूने तो उचलण्याचे कारण नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या बोटांनी द्यावे. उजवी करंगळी डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांमधील खाचेवर ठेवण्याची पद्धत हॅरी वॉर्डन यांच्यामुळे रूढ झाली. 1896 ते 1914 या काळात त्यांनी ब्रिटनमधील 'द ओपन' स्पर्धा 6 वेळा जिंकली. करंगळी आणि तर्जनी एकमेकांत गुंतवूनच जॅक निकलॉस आणि टायगर वूड्स खेळले. आखूड बोटांना दुसरी पद्धत सोयीची पडते, आणि सांधे दुखत असतील तर दहाही बोटे ग्रिपवर ठेवण्यात काहीच कमीपणा नाही. जोर डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत असावा. उजवा अंगठा आणि तर्जनी जवळजवळ निवांत राहावीत.

नवी पकड पहिले काही आठवडे हमखास चुकीची वाटेल आणि चेंडू डावीकडेही जातील. तेवढ्यावरून ती सोडू नये. घरी रोज थोडा वेळ क्लब हातात घेऊन तो सोडावा, पुन्हा धरावा. चेंडू समोर नसताना हात लवकर शिकतात.

प्रश्न : पावसाळ्यात ग्रिप हातातून सटकते. काय करावे?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : प्रथम ग्रिप कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रशने धुवाव्यात, कारण घामाचा थरच पुष्कळदा निसरडा झालेला असतो. सावलीत वाळवल्यानंतरही रबर चकाकत असेल आणि बोटांना कडक लागत असेल, तर ग्रिप बदलाव्यात. बदलताना जाडी पाहून घ्यावी : डाव्या हाताने क्लब धरल्यावर मधल्या दोन बोटांची टोके तळहाताच्या गादीला हलकेच टेकली पाहिजेत. पाऊस असताना एक जादा मोजा आणि कोरडा पंचा छत्रीच्या काड्यांमध्ये अडकवून ठेवावा. ओल्या जमिनीत क्लब अधिक रुततो, म्हणून एक पायरी लांब पल्ल्याचा क्लब (7 ऐवजी 6 नंबरचा) घेऊन स्विंग आखूड ठेवणे शहाणपणाचे.

प्रश्न : माझे आयर्न जुने आहेत. नवीन संच घेतल्यास फटका सुधारेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : काही अंशी सुधारेल. ज्यांची पाठ पोकळ असून वजन कडांकडे वाटलेले असते असे आयर्न क्लब बनवणाऱ्या 'पिंग' कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोलहाइम यांनी लोकप्रिय केले. फटका फेसच्या मध्यापासून थोडा डावी-उजवीकडे बसला तर ते बरेच सांभाळून घेतात. चेंडूच्या आधी जमिनीला लागणारा क्लब मात्र कोणत्याही किमतीचा असला तरी तेथेच लागणार. म्हणून खरेदीपूर्वी दोन तपासण्या कराव्यात. फेसवर टाल्कम पावडरचा पातळ थर देऊन काही चेंडू मारावेत आणि ठसा कोठे उमटतो ते पाहावे. मग चेंडूवर मार्करने जाड उभी पट्टी काढून ती फेसच्या बाजूला येईल असा चेंडू ठेवून मारावा. फेसवर उमटलेली पट्टी वारंवार तिरकी येत असेल, तर क्लब आपल्या उंचीला आणि उभे राहण्याच्या पद्धतीला जुळत नाही. अशा वेळी नवीन संचापेक्षा जुन्या आयर्नची मान (दांडा आणि डोके जोडणारा भाग) थोडी वाकवून घेणे कितीतरी स्वस्त पडते. घडीव आयर्न सहज वाकतात. साच्यात ओतलेल्यांपैकी काहींना ते सोसत नाही, तेव्हा कारागिराच्या हाती देण्यापूर्वी आपले आयर्न कोणत्या प्रकारचे आहेत याची चौकशी करावी.