मेलेल्या पक्ष्याचे पैसे मिळत नाहीत

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून दोन वाक्यांत उरकलं. नंतर मात्र झोप लागली नाही. बंधाऱ्यावर चार कावळे मरून पडलेत, गावात बर्ड फ्लूची कुजबुज सुरू आहे आणि तू विचारलंस, "काका, पक्षी विकून मोकळी होऊ का?" अंड्यावर आलेले तीन हजार पक्षी, बँकेचं कर्ज आणि घरात दीड वर्षाचं लेकरू. पोटात गोळा येणारच. मी नुसतं 'नको' म्हणालो. का नको, ते आज सविस्तर लिहितो.

२००६ साली तू अगदीच लहान असशील. त्या जानेवारीत नवापूरला माझ्या आठ हजार पक्ष्यांत मर सुरू झाली. पहिल्या दिवशी सात, मग वीस, मग साठ. पक्षी मान टाकायचे, तुरा निळाकाळा पडायचा, पायांवर रक्ताचे ठिपके दिसायचे. आम्ही सगळे म्हणायचो, राणीखेत, म्हणजे कोंबड्यांचा दुसरा एक साथीचा रोग. राणीखेतमध्येही असंच दिसतं, नुसतं बघून जाणत्या डॉक्टरालाही खात्रीनं सांगता येत नाही. मी लस आणली, पाण्यातून औषधं दिली आणि मेलेले पक्षी शेडमागे खड्ड्यात पुरत राहिलो. मी आणि तुझी काकू, दोघंही उघड्या हातांनी. तिच्या पदराला पिसं चिकटलेली असायची आणि तशीच ती चुलीपुढे भाकरी थापायला बसायची. आठवलं की आजही अंगावर काटा येतो. आम्हाला काही झालं नाही ही देवाची कृपा, त्यात आमचं शहाणपण काही नव्हतं.

१८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल जाहीर झाला. बर्ड फ्लू, एच५एन१, देशातला पहिलाच. तीन किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचे ठरलं, आजारी असोत की धडधाकट. पांढरे सूट घातलेली माणसं माझ्या शेडमध्ये आली. त्यांच्यातला एक जण पॅड घेऊन पिंजऱ्यामागून पिंजरा मोजत गेला. शेवटी मी म्हणालो, "साहेब, सव्वीसशे तर आधीच गेले, तेही लिहा." त्यानं पेन थांबवलं, मास्कमधून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "भाऊ, मेलेल्या पक्ष्याचे पैसे मिळत नाहीत."

पोरी, हे वाक्य तू शेडच्या भिंतीवर लिहून ठेव. भरपाई मिळते ती सरकारनं मोजून मारलेल्या पक्ष्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची. आजारानं मेलेल्यांची नाही. २०२१ च्या साथीत दर होते ते असे: आठ आठवड्यांवरचा अंड्याचा पक्षी ९० रुपये, त्याहून लहान २० रुपये, अंडं ३ रुपये, खाद्य किलोला १२ रुपये. पक्षी अंड्यावर आणायला तुला किती खर्च आला ते तुझ्या वहीत आहेच, त्यापुढे ९० रुपये काहीच नाहीत. पण त्या दरानं तीन हजार जिवंत पक्ष्यांचे दोन लाख सत्तर हजार होतात. आठवडाभर गप्प बसलीस आणि हजार पक्षी मेले, तर त्यातले नव्वद हजार गेले.

आणि विकायचं म्हणशील, तर हातावर पडेल ती कवडी घेऊन तू हा रोग व्यापाऱ्याच्या गाडीत बसवून दहा गावांना पाठवशील. त्यातलं एक गाव माझंही असू शकतं. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा २००९ चा कायदा आहे, त्यात रोगाची शंका आली की कळवणं मालकावर बंधनकारक आहे. पण कायद्याच्या धाकानं नको, आपल्या माणसांसाठी कळव.

म्हणून उद्या सकाळी पहिलं काम, तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना त्या कावळ्यांबद्दल फोन कर. त्यांनी फोन उचलला नाही तर १९६२ वर, तो जनावरांच्या दवाखान्याचा मदत क्रमांक आहे. कावळ्यांना कोणी हात लावू नये, पोरांना तिकडे फिरकू देऊ नको. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळेच पटापट मरून पडले होते आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. कळवल्यावर एक साधा अर्ज ग्रामपंचायतीत दे आणि पोच घे. तुझी वही रोज भर: मर किती, अंडी किती, खाद्य-पाणी किती उठलं. खाद्य आणि पाणी अचानक कमी झालं, अंडी घटली, कवच मऊ येऊ लागलं, तर मर वाढायची वाट पाहू नको. नमुने पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत आणि तिथून भोपाळला जातात, त्यात दिवस मोडतात. तुझे दिवस त्यात भरीला घालू नको.

भरलेली वही असली की उद्या पंचनाम्याच्या वेळी तुझा आकडा कोणी खोडू शकत नाही. २००६ साली माझ्याकडे वही नव्हती.

आता दाराचं. लोक आकाशाकडे बघतात, पाहुणे पक्षी रोग आणतात म्हणून. आणतात, खोटं नाही. पण शेडच्या आत तो बहुतेक वेळा आपल्याच पायांनी येतो. थंडीच्या दिवसांत ओल्या विष्ठेत हा विषाणू महिनाभराहून जास्त टिकतो, आणि तू बंधाऱ्यावरून ज्या चपलेनं आलीस तीच आत नेलीस तर झालं. माझ्या दारात आता आडवी फळी आहे. फळीच्या बाहेर बाहेरची चप्पल, फळीच्या आत आतली. मधे जंतुनाशकाचं पसरट घमेलं, रोज बदललेलं. चिखलानं भरलेल्या घमेल्याचा काही उपयोग नाही. जावई आला तरी फळी ओलांडत नाही.

अंड्यांचे ट्रे हे त्याहून मोठं दुखणं. व्यापारी पाच शेडमधून फिरलेले कागदी ट्रे आणून देतो आणि आपण सरळ आत नेतो. प्लॅस्टिकचे घे, धुऊन उन्हात टाक, आणि त्याची गाडी रस्त्यावरच थांबू दे. अंडी तू बाहेर नेऊन दे. तो कुरकुर करेल, करू दे. बंधाऱ्याचं पाणी ब्लीचिंग केल्याशिवाय पक्ष्यांना देऊ नको. जाळी जिथे फाटलीय तिथे आजच शिव, सांडलेलं खाद्य रोज झाडून घे, चिमण्या-कावळे त्यासाठीच येतात. मजुराच्या घरी गावरान कोंबड्या असतील तर त्याला सांग की तू त्या पाळू नको, त्या बदल्यात दर आठवड्याला दोन डझन अंडी मी देते. स्वस्तातलं काम आहे. मेलेला पक्षी कुत्र्या-मांजरापुढे टाकू नको. नागपूरच्या गोरेवाड्यात २०२४ च्या शेवटाला तीन वाघ आणि एक बिबट्या या रोगानं दगावले, मग मांजराची काय कथा.

आता तुझ्या जिवाचं. माणसाला हा रोग सहज होत नाही, पण झाला तर तो जीव घेऊ शकतो. आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला हात लावण्यापूर्वी हातमोजे, चांगला मास्क आणि डोळ्यांना चष्मा. शेडचे कपडे शेडमध्येच राहू देत, तिथेच धू. आंघोळ केल्याशिवाय लेकराला उचलायचं नाही. ते रडलं तरी नाही. मला माहीत आहे, हे सगळ्यात अवघड आहे, कारण तुझ्या हातांना त्याचीच ओढ असते. पण तुझ्या काकूच्या पदराला चिकटलेली ती पिसं मी विसरू शकत नाही, म्हणून एवढा हट्ट धरतो.

तुला किंवा मजुराला ताप, खोकला, डोळे लाल असं काही झालं, तर गोळी घेऊन अंगावर काढू नका. दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच असलं पाहिजे: "मी कोंबड्यांत काम करते आणि आमच्याकडे मर आहे." हे सांगितलं नाही तर डॉक्टर साधा फ्लू समजून घरी पाठवतील. या रोगाचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त लागू पडतं. माणसांच्या साध्या फ्लूची लस मात्र तुम्ही सगळ्यांनी दरवर्षी घ्या. ती बर्ड फ्लू थांबवत नाही, पण दोन्ही विषाणू एकाच शरीरात भेटून नवाच काही तयार होण्याचा धोका कमी करते.

पैशाचं बोलायला मला संकोच नाही, कारण २००६ मध्ये मी कोंबड्यांपेक्षा कर्जानं जास्त खचलो होतो. रोग आपल्याकडे आला नाही तरी भाव पडतातच. २०२० मध्ये करोनाच्या नुसत्या अफवेनं कोंबड्या मातीमोल झाल्या होत्या. तेव्हा ओट्यावर उभं राहून लोकांशी वाद घालू नको. शांतपणे सांग की ७० अंशांवर नीट शिजवलेल्या अंड्यात-चिकनमध्ये हा विषाणू जगत नाही. तुझं नेहमीचं गिऱ्हाईक ऐकेल, बाकीच्यांना थोडा वेळ लागेल. महिनाभराच्या खाद्याचे पैसे वेगळे बाजूला ठेव आणि दुसऱ्या शेडचा विचार हा हिवाळा जाईपर्यंत सोड. हप्ता थकण्याची वाट न बघता मॅनेजरला आत्ताच जाऊन भेट. २००६ च्या साथीनंतर रिझर्व्ह बँकेनं कुक्कुट व्यावसायिकांचं थकलेलं मुद्दल-व्याज मुदत कर्जात बदलून द्यायला सांगितलं होतं, पण ते ज्यांची खाती तोवर नियमित होती त्यांच्यासाठी. मी बँकेला तोंड चुकवत फिरलो होतो. विमा घेतला असशील तर त्यात बर्ड फ्लू धरलाय की वगळलाय, हे एजंटाच्या तोंडी नको, कागदावर बघ.

रविवारी सकाळच्या एसटीनं मी येतो. तुझी वही बघू, बँकेत काय बोलायचं ते ठरवू. पण शेडमध्ये येणार नाही, माझ्याकडेही पक्षी आहेत. अंगणात लिंबाखाली खाट टाकून ठेव.

तुझा,
काका