गुळवेल की दुसरीच कुठली वेल?

प्रश्न : कुंपणावर बदामी पानांची वेल फोफावली आहे. सगळे गुळवेल म्हणतात. काढा करून घेऊ का?

पानावर विसंबू नका, बदामी पानं निम्म्या कुंपणाला असतात. बोटाएवढं जाड, जुनं खोड बघा. गुळवेलीची साल कागदासारखी पातळ असते, नखाने सुटते आणि खाली हिरवंगार दिसतं. आडवं कापलं की चाकाच्या आऱ्या दिसतात, शिवाय वरून दोऱ्यांसारखी मुळं लोंबतात. खोड करडं आणि कारल्यासारखं गाठीगाठींचं लागलं, तर ती बहुधा तिची बहीण, टिनोस्पोरा क्रिस्पा. देठ पानाच्या कडेऐवजी थोडा आत, पाठीवर जोडलेला असेल तर पहाडवेल. पान लवदार आणि पाण्यात चुरगळल्यावर रस जेलीसारखा थिजला, तर वासनवेल.

करोनाकाळात हा काढा घरोघरी उकळला आणि मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असून क्रिस्पासारख्या दिसायला सारख्या वेली घातक ठरू शकतात, असं सांगितलं. डॉक्टरांचा रोख मात्र खुद्द गुळवेलीवर होता. म्हणून ओळख पटली तरी यकृताचा किंवा ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते असा) आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. (कडुनिंबावर चढलेलीच हवी, हा आग्रह मात्र ओळखीच्या कामाचा नाही. क्रिस्पालाही कडुनिंब वर्ज्य नाही.)

प्रश्न : रोपवाटिकेतून आणलेल्या ब्राह्मीची पानं गोल आहेत. बहीण म्हणते, ब्राह्मीची पानं बारीक असतात. कोण बरोबर?

दोघीही! गोलसर, दातेरी कडेचं, देठाशी खाच असलेलं पान म्हणजे मंडूकपर्णी, आपली कारिवणा. उत्तरेत तिलाच ब्राह्मी म्हणतात. केरळची ब्राह्मी म्हणजे बाकोपा : बारीक, मांसल, समोरासमोर पानं आणि फिकट निळसर-पांढरी फुलं. दोन्ही औषधी, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. वैद्यांनी कोणती सांगितली, ते विचारा. देठ पानाच्या बरोबर मधोमध, छत्रीच्या दांड्यासारखा असेल, तर ती शोभेची हायड्रोकोटाइल. ती कुंडीतच राहू द्या.

प्रश्न : पुनर्नवा आणि पांढरी घेटुळी यांत फरक काय?

फुलं बघा. पुनर्नवेची चिमुकली गुलाबी फुलं लांब, नाजूक दांड्यांवर झुबक्याने येतात आणि फळं कपड्यांना चिकटतात. पांढऱ्या घेटुळीचं फूल एकेकटं, पानाच्या बगलेत दडलेलं असतं.

प्रश्न : सोबत रानातून उकरलेल्या कंदाचा फोटो आहे. सफेद मुसळीच ना?

मुसळीची मुळं झुबक्याने येतात, बोटांसारखी. तुमच्या फोटोत नांगराच्या फाळासारखा वाकडा, एकच कंद आहे. वरच्या पानांची टोकं दोऱ्यासारखी गुंडाळलेली होती का? असतील तर ती कळलावी. तिच्या कंदात कोल्चिसिन हे जहाल विष असतं आणि थोडासा तुकडाही जिवावर बेततो. चाखून बघू नका. कंद मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही असा पुरा आणि हात साबणाने धुवा. कुणी खाल्लाच असेल, तर उलटीची वाट न बघता कंद सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.