‘पुट ऑफ’ : लिलाव पुढे गेला की रद्द झाला?

पिंपळगाव बसवंत येथील एका वाचकांनी विचारले आहे, की कांद्याचा लिलाव ‘पुट ऑफ’ झाल्याचे इंग्रजी सूचनेत वाचले, तर तो रद्द झाला असे समजायचे का, आणि तसे असल्यास ‘कॉल ऑफ’ म्हणजे काय.

रद्द झाला असे समजू नये. ‘पुट ऑफ’ म्हणजे ठरलेली गोष्ट लांबणीवर टाकणे. ‘कॉल ऑफ’ म्हणजे ती होणारच नाही असे ठरवणे. घोटाळा होतो तो ‘ऑफ’मुळे, कारण हा शब्द आपण दिव्याच्या बटणावरून शिकलो आणि ऑफ म्हणजे बंद, असेच धरून चालतो; येथे मात्र त्याचा ‘दूर, लांब’ हा अर्थ कामी येतो. शंका आल्यास पुढे मुदत जोडून पाहावी. ‘पुट ऑफ टिल मंडे’ हे शुद्ध आहे, ‘कॉल ऑफ टिल मंडे’ मात्र विसंगत, कारण जे रद्दच झाले त्याला नवी तारीख कोठून येणार?

तरीही ‘कॉल ऑफ’चे भाषांतर सरसकट ‘रद्द’ असे करू नये. २०२३ मध्ये कांद्यावरील ४० टक्के निर्यात शुल्काच्या विरोधात नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते. असा बंद ‘कॉल ऑफ’ झाला, की मराठीत तो ‘मागे घेतला’ असे म्हणतात. म्हणजे लिलाव ‘कॉल ऑफ’ झाला तर बाजार थांबतो आणि बंद ‘कॉल ऑफ’ झाला तर तोच बाजार सुरू होतो, हे बातमी वाचताना ध्यानात ठेवलेले बरे.

‘पुट ऑफ’चे कर्म माणूस असेल तर अर्थ बदलतो. ‘ही पुट मी ऑफ’ म्हणजे त्याने आज-उद्या करत मला टोलवले. ‘द स्मेल पुट मी ऑफ’ यात मात्र वेळेचा संबंधच नाही, तेथे वासाने नकोसे झाले, एवढाच अर्थ आहे.

रचनेबाबत दोन गोष्टी सांभाळाव्यात. सर्वनाम मध्येच येते, म्हणून ‘पुट इट ऑफ’ म्हणावे, ‘पुट ऑफ इट’ नव्हे. आणि ‘जायचे लांबवले’ असे मनात असल्यामुळे आपल्या तोंडी ‘पुट ऑफ टू गो’ सहज येते. योग्य रूप ‘पुट ऑफ गोइंग’ हे आहे.

सोमवारचा लिलाव शनिवारीच घ्यायचा असेल, तर इंग्रजीत ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणतात (भारतात ‘प्रीपोन’ अधिक चालते). येथे ‘फॉरवर्ड’चे शब्दशः ‘पुढे’ केल्यास अर्थ नेमका उलटतो. मराठीत तो लिलाव ‘अलीकडे घेतला’ असेच लिहावे.