न जेवणाऱ्या पाखराचा हिशोब

आरमोरी, वैशाख

प्रिय बेटा,

पत्र मिळालं. पीएच.डी.साठी टसर रेशमाच्या किड्याची, त्याच्या कोशातली चरबी घेऊ की कापसावरची गुलाबी बोंडअळी, असं विचारलंस, आणि शेवटी आईचा प्रश्नही टाकलास, "किड्याची चरबी मोजून पोट भरते का?" आईला सांग, टसरच्या पाखराचं भरते.

त्या पाखराचं तोंड नावालाच. कोशातून निघाल्यापासून मरेपर्यंत ते काही खात नाही. उडणं, जोडी जमवणं, अंडी घालणं, सगळं अळीने ऐनाचा पाला खाऊन बांधलेल्या शिदोरीवर. त्यात आपल्याकडचे बीजकोष, म्हणजे पुढच्या बियाण्यासाठी राखलेले कोश, हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत टांगलेले. बाहेर पारा ४५ ला टेकतो आणि आतला जीव अन्नपाण्यावाचून पडून असतो. चरबी जळली की पाणीही तयार होतं, ग्रॅममागे जवळपास ग्रॅमभर. अशा उन्हात ही शिदोरी कोणत्या वेगाने सरते, नराची किती, मादीची किती, हा प्रश्न आपल्या दाराशी लटकला आहे.

बोंडअळीसाठी पैसा लवकर मिळेल, खोटं कशाला सांगू. तीही सरकीत शिरून, कधी दोन सरक्या जोडून त्यात झोपते. फरदड ठेवली, म्हणजे वेचणी संपल्यावरही कापूस उभा ठेवला, की तिचं आणखी फावतं. विषय चांगलाच आहे, पण तिच्यामागे माणसं पुष्कळ लागली आहेत. तू टसर घे.

मी या वाटेला लागलो तो एका गाडीमुळे. माणसाच्या शरीरात साठ्यातली चरबी मेदाम्लं, म्हणजे तिचे सुटे तुकडे, होऊन सुटते आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावर बसून जाते. किड्यात ती बहुतांशी डायग्लिसराइड, म्हणजे दोन मेदाम्लं अजून जोडलेली चरबी, होऊन निघते, हे हारुओ चिनो आणि लॉरेन्स गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी १९६४ साली दाखवलं. तिला वाहून नेणारं प्रथिन म्हणजे लायपोफोरिन. आपल्या रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा एलडीएलचा कण पेशी अख्खा गिळते, म्हणजे मालासोबत बंडीही, बैलगाडीही, गेली. लायपोफोरिन मात्र उडण्याच्या स्नायूंपाशी माल उतरवतं आणि रिकामं परत मेदपिंडाकडे, किड्याच्या चरबीच्या कोठाराकडे, भरायला जातं. जिनिंगवर कापूस टाकून वावरात परतणारी बंडी पाहत मी मोठा झालो. मला हे एका वाचनात कळलं, माझ्या शहरी मित्राला आकृती काढावी लागली.

आता माझी फजिती ऐक, कारण तुझीही होणार आहे. एका मे महिन्यात मी कोषस्थ किडे तसेच गोठवून ठेवले. शनिवारी वीज गेली, सोमवारी आली. बर्फ पुन्हा जमला होता, म्हणून मला पत्ताच नाही. चरबीचे प्रकार वेगळे करणाऱ्या सिलिकाच्या पाटीवर आयोडीनची वाफ दिली, तर मोकळ्या मेदाम्लांचा हा मोठा तपकिरी डाग! मी आनंदाने शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा लिहून काढलं. चार महिने तो डाग जपला. मग ताजे किडे घेतले, डाग जवळजवळ गायब. बर्फ वितळला तेव्हा किड्यांच्याच लायपेजने, म्हणजे चरबी तोडणाऱ्या विकराने, चरबी तोडली होती. मी शोधली होती ती लोडशेडिंग. मार्गदर्शकांना सांगायला दोन दिवस लागले. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "शीर्षक जपून ठेव."

तेव्हापासून माझा क्रम ठरला. किडा ताजा असतानाच क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये वाटायचा, दोनास एक, फोल्चच्या १९५७ च्या पद्धतीने. अर्क नायट्रोजनखाली, अंधारात, थंडीत. नमुन्याचं वजन आधी, गप्पा नंतर. नर-मादी एका बाटलीत कधीच नाही. मादीची चरबी अंड्यांत जाते, सरासरी काढलीस की दोघांचंही खोटं होतं.

यंत्रं नंतर शिकशील. आधी ढिवर मोहल्ल्यात, टसर पाळणाऱ्यांच्या वस्तीत, जा. कोणती पाखरं अवेळी निघतात, कोणत्या खोलीत कोष टांगले तर टिकतात, हे तिथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. त्यांचं ऐकून लिहून घे, आणि प्रबंधात नावानिशी आभार मान. "स्थानिक माहितीनुसार" असं लिहून मोकळी होऊ नकोस. मी तसं केलं होतं, आजही त्या गल्लीतून जाताना मान खाली जाते.

पहिला पाऊस पडला की पाखरं निघतील. त्याआधी इकडे ये. वजनकाटा माझ्याकडे आहे. येताना काचेच्या कुप्या आण, झाकणाला टेफ्लॉन असलेल्या. प्लॅस्टिकच्या आणशील तर क्लोरोफॉर्म त्यातलंच काहीबाही विरघळवून आणेल आणि पाटीवर नवा डाग उमटेल.

तुझा,
सर