फौजी मानसोपचारतज्ज्ञांची वार्षिक मीट पहिल्यांदा लावतोयस? मग हे ऐक
प्रत्येक स्पीकरमागे एक राखीव माणूस धरूनच ठेव, फौजी डॉक्टरचं काही खरं नसतं, माझा मुख्य वक्ता आदल्या रात्री ड्युटीवर गेला आणि सकाळी मी त्याच्याच स्लाइड्स वाचत उभा, घाम फुटलेला. केस सांगताना नुसतं नाव काढून भागत नाही हां, युनिट, रँक, तारीख एवढ्यावरून हॉलमधला कोणीतरी पेशंट ओळखतोच, तेव्हा स्लाइड्स आधी मागवून स्वतः चाळ. १९१५ चा शेल शॉक (पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या मानसिक धक्क्याला दिलेलं नाव) ते १९८० ला डीएसएम-३ मध्ये, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या मानसिक आजारांच्या यादीत, आलेला पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मनात घर करून राहणारा आजार), हा इतिहास कोणीतरी सांगणारच, त्याला दहा मिनिटं बास. खरा वेळ डॉक्टरांच्या स्वतःच्या थकव्याला दे, दार बंद, खुर्च्या गोल, रेकॉर्डिंग नाही, आणि सीनियर मंडळींना वेगळं बसव, नाहीतर ज्युनियर तोंडच उघडत नाहीत.