ईजीआर बंद करू नकोस, साफ करून घे

घोडबंदर रोडवर रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी डिझेल गाडी आणि पिकअप गेल्याची तक्रार, म्हटलं की मी आधी ईजीआर (एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन, म्हणजे धूर परत फिरवणाऱ्या) व्हॉल्व्हवर संशय घेतो. सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला थोडा भाग हा व्हॉल्व्ह परत इंजिनात सोडतो. त्या धुरात ऑक्सिजन कमी, म्हणून जळताना तापमान आटोक्यात राहतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. आपल्या ठाण्याच्या हवेसाठी हे फार मोलाचं आहे, बरं का. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलास की व्हॉल्व्ह मिटतो. हळू चालवताना मात्र उघडा असतो आणि काजळी ऑइलच्या वाफेत मिसळून त्यावर डांबरासारखी बसते. उघडाच अडकला तर गाडी उभ्या जागी थरथरते, काळा धूर टाकते.

कुणी म्हणेल, पत्रा लावून बंद करून देतो. ऐकू नकोस! माझ्या आधीच्या गाडीला तसं केलं आणि चेक इंजिनचा दिवा विझेचना. आधी स्कॅनर लावून बिघाडाचा कोड बघ, मग व्हॉल्व्ह उतरवून साफ करून घे. गॅस्केट, म्हणजे जोडातली गळती रोखणारी चकती, नवंच टाक. आणि अधूनमधून नाशिक हायवेला गाडी अर्धा तास मोकळी पळव.