सिमेंटचे बूट आणि दहा तासांचा धीर

प्रश्न : अमेरिकेतले गँगस्टर माणसाचे पाय ओल्या सिमेंटात रोवून त्याला नदीत सोडत, असं कायम ऐकत आलो. ‘सिमेंटचे बूट’ असा शब्दच आहे म्हणे. तुम्ही जन्मभर साइटवर काढलात. हे जमण्यासारखं आहे का? आणि कधी घडलंय का?

उत्तर : या सदरात एरवी गळकी गच्ची नाहीतर भिंतीची भेग येते, म्हणून तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी माझी खोड भागवून घेतो. ते बूट सिमेंटचे नव्हेत, काँक्रीटचे. सिमेंटात वाळू, खडी, पाणी पडलं की मग तो माल होतो. पण हे मी तेहेतीस वर्षांत मुकादमांच्या गळी उतरवू शकलो नाही, तिथे टोळीवाल्यांना काय सांगणार!

खरी अडचण घड्याळाची. साधं सिमेंट अर्ध्या तासानंतर आवळू लागतं आणि पुरतं धरायला मानकाने त्याला १० तासांपर्यंत मुभा दिली आहे. कॉलमचं शटरिंग, म्हणजे ओला माल धरून ठेवणाऱ्या फळ्या, आम्ही १६ तासांच्या आत कुणाला हात लावू देत नसू. एका घायकुत्या ठेकेदाराने संध्याकाळी भरलेला कॉलम पहाटेच उघडला, तर कोपरे हातात आले. इथे तर आतला माणूस जिवंत. तो हलणार, शिव्या देणार, पाय ओढणार. रात्रभर त्याला धरून बसायचं कुणी? शिवाय वजन. काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो भरतं. ५० लिटरचं टब घेतलं तरी १२० किलो झाले, वर माणूस ७० किलोचा. एवढा ऐवज गुपचूप होडीत चढवायचा म्हणजे चार हमाल आले आणि चार साक्षीदारही आले.

तरी गोष्ट टिकली, कारण ती ज्याच्यावर बेतलेली आहे तो सापडलाच नाही. न्यूयॉर्कचा टोळीप्रमुख डच शुल्ट्झ याचा उजवा हात बो वाइनबर्ग १९३५ मध्ये नाहीसा झाला. शुल्ट्झनेच त्याचे पाय काँक्रीटमध्ये घालून त्याला बुडवला, ही तेव्हापासूनची दंतकथा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शुल्ट्झलाही गोळ्या घातल्या गेल्या, त्यामुळे खरंखोटं करणारा उरला नाही. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्याच जमेका बे या खाडीच्या पाण्यात अर्नेस्ट रुपोलोचं प्रेत मिळालं. हा पूर्वी माफियाचा म्होरक्या व्हिटो जिनोव्हीझ याच्याविरुद्ध साक्ष देऊन बसलेला. त्याच्या पायांना काँक्रीटचे ठोकळे बांधलेले होते. ठोकळे बांधणं निराळं आणि बूट ओतणं निराळं, हा फरक मी सोडणार नाही. अस्सल बूट म्हणावा असा प्रकार मे २०१६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर दिसला. बादलीतल्या काँक्रीटमध्ये पाय अडकलेलं प्रेत वाहून आलं होतं. म्हणजे दंतकथा आधी जन्मली आणि तिच्याबरहुकूम खून ऐंशी वर्षांनी झाला.

प्रश्न : मग हे लोक आपापसात काय म्हणत? आपल्या ‘सुपारी’सारखा त्यांचाही शब्द असेलच.

उत्तर : असणारच, आणि तो ऐकून मला माझं ऑफिसच आठवलं. कॉन्ट्रॅक्ट! १९४० मध्ये एब रेलीस नावाचा ब्रुकलिनचा मारेकरी पोलिसांना फितला आणि त्याने टोळीची सगळी कुंडली मांडली. या टोळीला वर्तमानपत्रांनी ‘मर्डर इन्कॉर्पोरेटेड’ असं झकास नाव दिलं होतं. आतल्यांची भाषा मात्र अगदी कोरडी होती. काम आलं की कॉन्ट्रॅक्ट, उरकलं की हिट.

आमच्याकडेही असंच. ‘गगनचुंबी’ हा शब्द साइटवर मी एकदाही ऐकला नाही, तो पेपरात आणि जाहिरातीत. साइटवर म्हणतात, “बाराव्याचा स्लॅब भरला का?” ज्याला काम करायचंय त्याचे शब्द मळखाऊ असतात. सिमेंटचे बूट, व्हायोलिनच्या पेटीत लपवलेली बंदूक ही रंगरंगोटी लांबून बघणाऱ्यांची.

आपली सुपारी तरी कुठे भयंकर होती? लग्न ठरलं की सुपारी फुटते, तमाशाच्या फडाला सुपारी देतात, बँडवाल्याला देतात. काम पक्कं झाल्याची खूण, बस्स. अफजलखानाने विजापूरच्या भर दरबारात विडा उचलला ही कथा आपण शाळेपासून ऐकतो, आणि विड्यात सुपारी असतेच. मुंबईच्या टोळ्यांनी नवीन काही घडवलं नाही, चालू मालच उचलला.

रेलीसचं पुढे काय झालं तेही सांगतो, नाहीतर पुढच्या महिन्यात पत्र येईल. १२ नोव्हेंबर १९४१ च्या पहाटे, पोलिसांचा पहारा असताना, कोनी आयलंडच्या हाफ मून हॉटेलात सहाव्या मजल्याच्या खिडकीतून तो खाली पडला. लोक म्हणाले, कॅनरी पक्षी गायला छान, पण उडता येईना. पोलिसांपुढे ‘गाणं’ म्हणजे बोलणं. त्यांचा कॅनरी गातो, आपला पोपट घडाघडा बोलतो.

प्रश्न : आणि व्हायोलिनच्या पेटीतली मशिनगन?

उत्तर : व्हायोलिन जेमतेम ६० सेंटिमीटर, थॉमसन गन सुमारे ८५. दस्ता काढला तर कोंबता येईल. पण १४ फेब्रुवारी १९२९ ला शिकागोच्या गॅरेजमध्ये सात जणांना उडवणाऱ्यांना पेटीची गरजच पडली नाही. त्यांच्यातले दोघे पोलिसांच्या गणवेशात आले होते.

प्रश्न : तुम्हाला कधी कुणी असली धमकी दिली का?

उत्तर : एकदा. मी एक स्लॅब नापास केला, तर ठेकेदार म्हणाला, “साहेब, पुढच्या फूटिंगमध्ये, पायातच, तुम्हालाच घालतो.” मी म्हटलं, “घाला, पण माल दाबून बसवायला व्हायब्रेटर नीट फिरवा. मागच्या फूटिंगला तुमच्या माणसांनी सगळी खडी उघडी ठेवली होती.” त्याला हसू आवरेना. चहा मागवला त्यानेच. स्लॅब मात्र तोडावा लागला.